दमलेला फौजदार

डिटेक्टिव्ह कसा असावा? नजर घारीची, डोकं कॉम्प्युटरसारखं, आणि दमणं वगैरे काही माहीतच नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार सगळ्यांना पुरून उरतो.

आता कुर्त वालांडर बघा. स्वीडनच्या दक्षिण टोकाला इस्टाड नावाचं छोटं शहर आहे, तिथला हा पोलीस. बायको सोडून गेलेली, मुलगी दुरावलेली, झोप अपुरी, खाणं आपल्या मेसपेक्षा वाईट. वडील चित्रकार, पण आयुष्यभर एकच देखावा रंगवणारे! फरक इतकाच, की कधी त्यात रानकोंबडा असतो, कधी नसतो. (आपली जर्नल्स आठवली ना?) होस्टेलवर मत पडलं, "स्लो आहे यार, हिरो रडका आहे." मला हे अजिबात पटत नाही.

हेनिंग मँकेल यांचं 'फेसलेस किलर्स' स्वीडिशमध्ये १९९१ साली आलं. शेतावरचं एकाकी घर, म्हातारा शेतकरी ठार, आणि त्याची बायको मरताना एकच शब्द बोलते, "परदेशी". ही बातमी फुटते. मग लोकांची नजर निर्वासितांच्या छावणीकडे वळते. छावणीला आग लागते, एका सोमाली माणसाला गोळी घातली जाते. ज्याचा काही संबंध नाही असा माणूस, फक्त बाहेरचा म्हणून! शेवट सांगत नाही.

मी मूळची साताऱ्याची, शिकते सांगलीत. वाचताना मला स्वीडन कमी आणि आपलाच भाग जास्त दिसत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. बिचारे पंढरपूरला निघाले होते. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, अशाच अफवेवरून, डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे जतच्या शेजारचे.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे थ्रिलर्स आधी आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' होस्टेलवर आल्यावर वाचलं. माने फलटण तालुक्यातले, कैकाडी समाजाचे. पुस्तक १९८० चं. उपरा म्हणजे तरी काय, बाहेरचाच की! इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. पण गावात चोरी झाली की पहिला संशय अजून पालावरच जातो.

म्हणून मला हा रडका हिरो आवडतो. त्याच्याही मनात एकदा येऊन जातं की खुनी छावणीतलाच निघावा. तो काही संत नाही. पण मनात आलं म्हणून तो कुणाला उचलत नाही. थंडीत दारं ठोठावत फिरतो, चुकतो, परत पहिल्यापासून सुरू करतो. धडाकेबाज हिरोला एवढा पेशन्स कुठला? लवंगातसुद्धा साधू खरे आहेत हे कळलं ते पोलिसांनी चौकशी केल्यावर, पण तोवर मार खाऊन झाला होता.

जतचा नाहीतर कराडचा असा एखादा फौजदार मराठीत कुणी लिहील का? खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, घरी बोलणी, आणि समोर "साहेब, बाहेरचाच असणार" म्हणणारं अख्खं गाव. तोपर्यंत वालांडर हवा असेल तर लेडीज होस्टेलवर निरोप द्या. आत्ता तीन नंबर लागलेत.