तुटलं तर तुटू दे, पण विसरू नकोस!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये सर्वात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "अगं, ब्याण्णव टक्क्यांवर अडकलंय!" मग कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप हातात धरून रेंज शोधत फिरणारी मंडळी, वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या हॉटस्पॉटसाठी लावलेला मस्का, आणि शेवटी पडद्यावर उमटलेली ती लाल ओळ. टक्के पुन्हा शून्य! त्यानंतर सगळ्यांनी मिळून वायफायला शिव्या घालायच्या. बिचारं वायफाय!

माझं मत जरा वेगळं आहे. कनेक्शन तुटणं ही पावसासारखी गोष्ट आहे, ते तुटणारच. छत्री न घेता बाहेर पडायचं आणि ढगांवर रागवायचं, याला काय अर्थ? खरा जाब विचारायला हवा तो फाइल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आणि ते लिहिणाऱ्याला. म्हणजे उद्या आपल्यालाच!

कोणी म्हणेल, आता फायबर आलं, फाइव्ह-जी आलं, हे रडगाणं जुनं झालं. मंडळी, जरा आठवून बघा. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि इथे भारतात इंटरनेट रांगायला लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ पुन्हा केबल तुटल्या. त्यातल्या सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन्ही केबल मुंबईला येतात. समुद्रही सोडा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीजच गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षांनाही फटका बसला. आणि काहीच बिघडलं नाही, तरी आपण खोलीतून मेसमध्ये जातोच ना? वायफाय सुटतं, मोबाईल डेटा लागतो, फोनचा आयपी पत्ता बदलतो. टीसीपी कनेक्शन ओळखलं जातं ते दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट या चार गोष्टींवरून. त्यातली एक बदलली की जुनं कनेक्शन मेलं. तेव्हा नेटवर्क कितीही सुधारा, तुटण्याची तयारी ठेवावीच लागणार.

आता आमच्या गावची गोष्ट. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस पकडली की आधी मुर्धा लागतं, मग राई, मग मोर्वा. माझं घर राईला. माझे काका रिक्षा चालवतात. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता. उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन, मार्कशीट, फोटो, सगळं जोडून एक फाइल. रात्री नऊपासून अपलोड चालू. कधी साठ टक्के, कधी ऐंशी, आणि मग "समथिंग वेंट राँग". पुन्हा शून्यापासून. चौथ्या वेळी काका म्हणाले, "पोरी, ही कसली गाडी गं? मुर्ध्याला बंद पडली की परत भाईंदरला नेऊन सोडते?"

नेटवर्किंगच्या जाड पुस्तकात सापडलं नसतं असं उदाहरण काकांनी एका वाक्यात दिलं. बस मुर्ध्याला बंद पडली तर राईचा माणूस स्टेशनला परत जात नाही. उतरतो आणि तिथून पुढे चालू लागतो. एवढी साधी अक्कल त्या सॉफ्टवेअरला नव्हती. दुसऱ्या दिवशी काकांनी रिक्षा बंद ठेवली, भाईंदरच्या सायबर कॅफेत रांग लावली आणि पैसे देऊन फॉर्म भरून घेतला. एका दिवसाचा धंदा बुडाला. ज्यांना दिवस बुडवणं परवडत नाही त्यांचं काय होत असेल?

गंमत म्हणजे यावरचा उपाय आपल्या जन्माच्या आधीचा आहे. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे आपला एफटीपी, पहिल्यांदा लिहिला तो अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे हे विद्यार्थी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी आरएफसी ११४ लिहिला. पुढे १९८५ च्या आरएफसी ९५९ मध्ये 'रेस्ट' नावाची आज्ञा आहे. रेस्ट म्हणजे आराम नव्हे, रिस्टार्ट! जिथे थांबलो तिथून पुढे पाठवण्यासाठी. वेबच्या एचटीटीपीमध्येही १९९७ पासून फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागायची सोय आहे. सोय आहे, वापरायचा कंटाळा आहे.

अर्थात नुसतं पुढे चालू करून भागत नाही. मधल्या वेळात मूळ फाइल बदलली असेल तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खिचडी होईल. म्हणून शेवटी आकार आणि चेकसम जुळवून बघायचा, आणि जुळेपर्यंत फाइलला खरं नाव द्यायचं नाही. फायरफॉक्स अर्धवट उतरलेल्या फाइलच्या शेपटीला 'पार्ट' लावतो तो यासाठीच.

दुसरी गोष्ट, चुकीचीही जात ओळखावी लागते. त्याच आरएफसी ९५९ मध्ये सर्व्हरच्या उत्तरांना आकडे दिलेत. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे अडचण तात्पुरती आहे, थोड्या वेळाने ये. उदाहरणार्थ ४२६, कनेक्शन मध्येच बंद झालं. पाचने सुरू होणारा म्हणजे तेच पुन्हा पाठवून उपयोग नाही. ५३० म्हणजे लॉगिन झालेलं नाही, ५५२ म्हणजे ठरवून दिलेली जागा संपली. पासवर्ड चुकला असेल तर शंभर वेळा पाठवलं तरी चुकलेलाच राहणार, उलट खातं लॉक होईल. पण आपल्याकडच्या कित्येक प्रोजेक्टमध्ये सगळ्या चुका एकाच 'कॅच'मध्ये गोळा होतात आणि त्या ब्लॉकमध्ये काय असतं? काहीच नाही!

काही वेळा तर चूक सांगायलाही कोणी उरत नाही. समोरचा टाटा न करता गेला, तर टीसीपी आपणहून लगेच ओरडत नाही. त्याची 'जिवंत आहेस का' ही चौकशी मुळात सक्तीची नाही, आणि चालू केली तरी ठरलेला वेळ निदान दोन तासांचा. तोवर पडद्यावर चक्र गरगर फिरतं आणि आपण देवाचं नाव घेत बसतो. म्हणून किती सेकंद वाट बघायची हे सॉफ्टवेअरने स्वतः ठरवायला हवं.

तिसरी गोष्ट, धीर. तुटलं की त्याच क्षणी पुन्हा धडक मारायची नाही. एक सेकंद थांब, मग दोन, चार, आठ, आणि प्रत्येकाने थोडं वेगवेगळं थांब. कारण शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांनी हजारो जण एकदम धडकले, तर आजारी सर्व्हर मरतोच. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून चक्क ४० बिटवर आला होता. अंतर किती? ४०० यार्ड! गर्दीत पाकिटं हरवत होती, आणि हरवली म्हणून पुन्हा पाठवलेली पाकिटं गर्दीत भर घालत होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय काढला, तो थोडक्यात हाच, की गर्दी दिसली की हळू व्हा. भाईंदरला विरार लोकल पकडणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड. फाइल पोचली, पण 'पोचली' हा निरोप येताना कनेक्शन तुटलं. आता पाठवणाऱ्याला काय कळणार? फी भरताना पैसे कापले आणि पावती आलीच नाही, हा अनुभव कित्येकांना असेल. पुन्हा भरली तर दोनदा कापले जाण्याची भीती, नाही भरली तर लेट फी! उपाय असा, की प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक वेगळा नंबर द्यायचा. तोच नंबर पुन्हा आला तर सर्व्हरने म्हणायचं, "हे माझ्याकडे आहे, ही घे पावती."

आता भाषेबद्दल. माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे "कनेक्शन रिसेट बाय पियर" हे मला इंग्रजी म्हणून कळतं. पण यातून करायचं काय, हे कॉन्व्हेंटवालीलाही कळत नाही. त्या रात्री काकांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय राँग झालं?" वाक्य वाचून दाखवता आलं, उत्तर देता आलं नाही, कारण त्या वाक्यात उत्तर नव्हतंच. "तुमची फाइल ऐंशी टक्के पोचली आहे. नेट गेलं आहे. खिडकी बंद करू नका, नेट आलं की पुढे चालू होईल." एवढं मराठीत लिहायला किती बाइट लागतात हो? कुठवर पोचलं, अडलं कशाने, आणि आता मी काय करू, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्यात नाहीत तो मेसेज नव्हे, नुसता आवाज.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अर्धवट फाइली सांभाळायला सर्व्हरवर जागा लागते, कोडही वाढतं. मान्य. मग चोवीस तास ठेवा आणि पुसून टाका. त्या जागेचा खर्च एकीकडे मांडा आणि रांगेत उभ्या राहिलेल्या रिक्षावाल्यांचे बुडालेले दिवस दुसरीकडे मांडा. आपल्याला हिशेब येतो ना?

म्हणून सर-मॅडमना दोन विनंत्या. एक, सबमिशनच्या वेळी अपलोड मुदतीच्या आत सुरू झालं असेल तर ते मुदतीतलं धरावं. दोन, प्रोजेक्टच्या व्हायव्हात व्याख्या थोड्या कमी विचाराव्यात, आणि फाइल जात असताना सरळ केबल काढावी. मग एक मिनिट शांत बसून पडद्याकडे बघावं. कोड कोणी स्वतः लिहिलाय आणि कोणी उतरवलाय, तेही आपोआप कळेल!

असो. हा लेख संपादकांना मेलने पाठवते आहे. मिळाल्याची पावती तेवढी द्या, म्हणजे झालं!