नऊच्या आधीची हवा, तीनच्या नंतरची हवा

सोलापूरला ऋतू दोनच, एक उन्हाळा आणि दुसरा कडक उन्हाळा, असे इथला माणूस पाहुण्याला हसत सांगतो. पण ते पूर्ण खरे नाही. गड्ड्याची यात्रा उठली, रानात ज्वारी काढणीला आली की साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत तीन-चार आठवडे असे येतात, की पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर घरात बसवत नाही. थंडी गेलेली असते, ऊन अजून भाजत नसते. कडुनिंबाला कोवळी पालवी फुटलेली, शिवारात पळस पेटलेला. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर वारा सुटतो. विजापूर रस्त्यावरच्या संभाजी तलावात, म्हणजे जुन्या लोकांच्या कंबर तलावात, लांबून आलेले पक्षी अजून मुक्काम हलवत नाहीत. मग एप्रिल उजाडतो, पारा चाळिशी गाठतो आणि मे महिन्यात तो त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जाऊन बसतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हे तीन-चार आठवडे कुणाच्या वाट्याला येतात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

चळवळीच्या वृत्तपत्रात हवापाण्यावर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. अॅट्रॉसिटीचे खटले पडून आहेत, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, आणि यांना वसंत ऋतू सुचतो! पण वाचकहो, या देशात हवासुद्धा जात पाहून वाटली गेली आहे. पेशवाईतील पुण्याबद्दल इंग्रज लेखकांनी जे नोंदवून ठेवले आहे, ते आपण भाषणांतून अनेकदा ऐकले आहे. दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी महार-मांगांना शहराच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती. कारण त्या वेळी सावली लांब पडते आणि ती वरच्या जातीच्या माणसावर पडून त्याला विटाळ होतो! गळ्यात मडके आणि कमरेला खराटा ही गोष्ट आपण लक्षात ठेवली, ती ठेवलीच पाहिजे. पण वेळेच्या या मनाईचा विचार आपण पुरेसा केला नाही. माणूस हवा खायला बाहेर पडतो केव्हा? सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर. म्हणजे दिवसाचा जो भाग सुखाचा, नेमका तोच काढून घेतला होता आणि डोक्यावर तळपणारे दुपारचे ऊन तेवढे आपल्या लोकांसाठी मोकळे ठेवले होते. मनुवादी व्यवस्थेने जमीन, पाणी आणि विद्या हिरावून घेतली हे आपण म्हणतो. तिने सकाळ आणि संध्याकाळही हिरावून घेतली होती.

‘बाहेर’ हा शब्दच पाहा. पांढरपेशा माणूस ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा त्याला मोकळे वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांसाठी बाहेर म्हणजे गावकुसाबाहेर. वस्तीच बाहेर. वारा भरपूर, ऊन भरपूर, आभाळ तर सगळेच. पण ते सुख नव्हते, ती शिक्षा होती. पुढे १९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातले हजारो स्त्री-पुरुष फाल्गुन-चैत्रात उघड्या माळावर दिवस दिवस बसले होते, ते खडी फोडायला. मराठी कवितेतला वसंत कोकिळेचा आणि आम्रमोहोराचा आहे. तो ओसरीवर बसून पाहिलेला वसंत आहे. खडीवर बसलेल्या बाईने पाहिलेला पळस त्यात सहसा सापडत नाही.

आणि सोलापूरला तर तारेच्या कुंपणाचा इतिहास आहे. इंग्रज सरकारने ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवले त्या पारधी, कैकाडी, टकारी वगैरे जमातींसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सेटलमेंट उभारली गेली. भोवती काटेरी तार. रोजची हजेरी. बाहेर जायचे तर परवाना. ज्यांचे सारे आयुष्य रानावनात भटकण्यात गेले त्या लोकांना मोकळ्या हवेत फिरण्यासाठी पास काढावा लागत होता! ज्यांची सुटका होई ते तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहायला येत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो काळा कायदा गेला. तार गेली, नाव राहिले. आजही सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ म्हटले की तो बरोबर नेऊन सोडतो. या नावातला ‘फ्री’ हा शब्द त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना टोचत असेल?

आता बाबासाहेबांकडे येऊ. मौजमजा, सहल हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, असे जे कार्यकर्ते म्हणतात त्यांनी १९३४ सालची हकीकत आठवावी. बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. सहकाऱ्यांना वाटले की आपण कुठेतरी प्रेक्षणीय स्थळे पाहायला जावे, बाबासाहेब आले तर उत्तम. बाबासाहेब हो म्हणाले. गोलमेज परिषदा गाजवून आलेला, पुणे कराराच्या दिव्यातून गेलेला हा माणूस तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाला. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासात अंगावर धूळ बसलेली, म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर मंडळींनी तोंड-हात-पाय धुतले. लगेच आरडाओरडा. धेडांनी हौद बाटवला! रमजानचा महिना होता, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही, आणि त्यावर लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई. ज्या विटाळाने हिंदू समाज पोखरला होता तो मुसलमानांतही मुरला होता, हे बाबासाहेबांनी त्या प्रसंगावरून दाखवून दिले. पण मला त्यातली दुसरी गोष्टही महत्त्वाची वाटते. ते मोर्चा घेऊन गेले नव्हते, सत्याग्रहालाही गेले नव्हते. चार दिवस कामातून मोकळे काढून फिरायला गेले होते. आणि फिरायला जाणेसुद्धा अस्पृश्याला साधत नाही, हे तिथे कळले.

सोलापूर आणि बाबासाहेब यांचे नाते तसे जुने. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी इथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. त्याआधी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा तो ठराव. महाडचा १९२७ चा संग्राम त्याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी होता, आणि तो २० मार्चला, याच हवेच्या दिवसांत झाला. बोले ठरावाच्या यादीत बाग नव्हती, मैदान नव्हते. ती उणीव संविधानाने भरून काढली. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्याबरोबर लोकांच्या राबत्याच्या जागाही आल्या. सरकारी पैशाने राखलेली बाग, मैदान, तळ्याचा काठ यांत पाऊल टाकताना कुणी जात विचारू शकत नाही. याहून पुढचे कलम ४३. कामगाराला पोटापुरती मजुरी, माणसासारखे जगणे आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा यासाठी राज्याने झटावे, असे त्यात आहे. फुरसत! हा शब्द आपल्या संविधानात आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

मार्गदर्शक तत्त्वांची ही कल्पना आपण आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानावरून घेतली. तो देश आपल्या नेमका उलट. आपण उन्हाने हैराण, ते पावसाने. त्यांच्या पश्चिम भागात काही ठिकाणी वर्षातले सव्वादोनशे दिवस पाऊस असतो. वसंतात चार दिवस स्वच्छ ऊन पडले की सगळे गाव बागेत आणि समुद्रकाठी लोटते. पण तिथेही बाग सगळ्यांची नव्हती. डब्लिन शहराच्या मध्यावर सेंट स्टीफन्स ग्रीन ही मोठी बाग आहे. एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षे तिला कुलूप होते आणि किल्ली भोवतालच्या श्रीमंत घरवाल्यांकडे. १८८० साली ती सर्वांना खुली झाली. १९१६ च्या एप्रिलमध्ये बंड झाले तेव्हा कामगारांच्या सेनेने हीच बाग ताब्यात घेतली होती. बागेच्या रखवालदाराला तळ्यातल्या बदकांना दाणे घालता यावेत म्हणून दोन्ही बाजू गोळीबार थांबवत, अशी तिथली प्रसिद्ध आठवण आहे. जातीचा विटाळ त्यांच्याकडे नव्हता, पण मालकीचे कुलूप होते. आपल्याकडे दोन्ही आहे.

आजच्या सोलापुरात बागेच्या दारावर जात विचारत नाहीत, हे मान्य. पण कोण येतो आणि कोण येत नाही ते एकदा मोजून पाहा. पहाटे बाग झाडणारा सफाई कामगार सगळ्यात आधी तिथे असतो. फिरणारे साहेब बूट घालून येईपर्यंत त्याने वाट स्वच्छ केलेली असते, आणि ते येतात तेव्हा तो पुढच्या रस्त्यावर गेलेला असतो. यंत्रमागावरचा माणूस मागांच्या खडखडाटात आणि सुताच्या तुसात पाळी काढतो. बाहेर पडतो तेव्हा हवा कशी आहे हे पाहण्याचे त्राण त्याच्यात नसते. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा मांडला, तो १९४६ मध्ये झाला. छोट्या छोट्या कारखान्यांच्या शेडमध्ये त्या कायद्याचा हात अजून पोचत नाही. विडी कामगार बाई संध्याकाळी ओट्यावर बसलेली दिसते खरी, पण मांडीवर सूप असते, सुपात पाने आणि तंबाखू. उद्या कारखान्यात हजाराची मोड द्यायची असते. वाऱ्याची झुळूक आली तर तिला तंबाखू उडेल ही काळजी! आणि जिल्ह्यातल्या फडात ऊस तोडणारी कुटुंबे तर हवेचे सगळे चांगले महिने उघड्यावरच काढतात. गाळप हंगाम नेमका तेव्हाच. कोपीतल्या माणसाला मोकळ्या हवेचे कौतुक सांगायला कुणी जाऊ नये.

म्हणून यंत्राबद्दल बाबासाहेब गांधीजींच्या विरुद्ध बाजूला उभे होते. माणसाला जनावराच्या कष्टातून सोडवायचे, त्याला फुरसत द्यायची आणि त्या फुरसतीतून संस्कृती घडवायची, तर यंत्र पाहिजे, असे त्यांचे १९४५ च्या ग्रंथातले म्हणणे आहे. फुरसत ही त्यांच्या विचारात आळशाची चैन नव्हती. दिल्लीच्या बंगल्यात स्वतःच्या बागेत ते रमत. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय उभे राहिले त्या परिसराचे नाव नागसेनवन आहे, नागसेननगर नव्हे.

तथागतांचे तर सारे आयुष्यच झाडाखाली. लुंबिनीचे शालवन, गयेचा पिंपळ, सारनाथचे मृगवन, बिंबिसाराने दिलेले वेळूवन, शेवटी कुशीनाराचे दोन शालवृक्ष. ‘विहार’ या शब्दाचा मूळ अर्थच मोकळेपणाने फिरणे, हिंडणे. सोलापुरात विजापूर रस्त्याला सिद्धेश्वर वनविहार आहे आणि आपल्या प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे. शब्द एकच. आपल्या विहारांना मात्र बहुतेक ठिकाणी चार भिंती, वर पत्रा आणि अंगणात फरशी. एक झाड लावायला जागा ठेवलेली नसते.

इथे थोडे आपल्याच लोकांना बोलायला हवे. आपण उघड्यावर एकत्र येतो केव्हा? मोर्च्याला, धरण्याला, जयंतीच्या मिरवणुकीला आणि सहा डिसेंबरला. सगळे आवश्यक. पण बायका-पोरांना घेऊन, डबा बांधून, कसलीही घोषणा न देता तळ्याकाठी दोन तास बसणे आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. कार्यकर्त्याच्या घरची बाई तर कुठेच नाही. संध्याकाळची बैठक त्याची, चहा तिचा. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातसुद्धा सहानंतर स्वयंपाकघराबाहेरचे आभाळ तिने कधी पाहिले, हे विचारून बघावे.

दुसरी गोष्ट जयंती मंडळांसाठी. १४ एप्रिलला डॉल्बीवर जो खर्च होतो त्यावर याच स्तंभात आणि इतरत्र खूप लिहिले गेले आहे, पुन्हा लिहीत नाही. त्यातला दहावा हिस्सा काढला तरी वस्तीत आठ-दहा कडुनिंब, एक पाण्याची टाकी आणि चार बाकडी होतात. जागा कुठे आहे, असे विचारले जाते. महापालिकेच्या विकास आराखड्यात बाग, खेळाचे मैदान म्हणून आरक्षित केलेले भूखंड असतात. त्यांतले किती आपल्या वस्त्यांजवळ आहेत, किती मोकळे आहेत, किती गिळले गेले, हे कागदावर मागता येते. माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेवढेही लागत नाहीत. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तर जयंतीच्या आधी हातात कागद येतो.