'नाकारणे' एक, इंग्रजी क्रियापदे तीन

नौपाड्यात आम्ही काही कार्यकर्ते तरुणांचे इंग्रजी अर्ज तपासून देतो. त्यात एक वाक्य वारंवार येते : 'अधिकाऱ्याने माझी तक्रार घ्यायला डिनाय केले.' व्याकरणाची किरकोळ चूक म्हणून हे सोडून द्यायचे का? आमचे स्पष्ट मत आहे, नाही.

मराठीत 'नाकारणे' हे एकच क्रियापद जी कामे करते, ती इंग्रजीत तीन क्रियापदांत वाटलेली आहेत. काही करायला किंवा द्यायला नकार देणे म्हणजे 'रिफ्यूज'. आरोप खरा नाही असे म्हणणे म्हणजे 'डिनाय'. कुणाला हक्कापासून वंचित ठेवणे हेही 'डिनाय'च. आणि समोर आलेला अर्ज वा प्रस्ताव विचारात घेऊन फेटाळणे म्हणजे 'रिजेक्ट'.

आता कायदा पाहा. संविधानाचे कलम १४ राज्याला बजावते की, कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढील समानता नाकारता येणार नाही. तिथे क्रियापद 'डिनाय' आहे, कारण प्रश्न हक्काचा आहे. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा, म्हणजे आजचा नागरी हक्क संरक्षण कायदा, घ्या. अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात दाखल न करणे (कलम ५), वस्तू वा सेवा न देणे (कलम ६) हे गुन्हे आहेत. तिथे क्रियापद 'रिफ्यूज' आहे, कारण प्रश्न माणसाच्या कृतीचा आहे.

महाडमध्ये हाच फरक होता. १९२३ चा बोले ठराव झाला, १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे खुले केले. कागदाने हक्क डिनाय केला नव्हता. सवर्ण समाज पाणी रिफ्यूज करत होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो नकार मोडला.

आज ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ सांगते की, तक्रार नोंदवण्यासारख्या कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. 'त्याने तक्रार घेण्यास रिफ्यूज केले' या वाक्यात कर्ता आहे, कृती आहे, कसूर आहे. पण 'माझी तक्रार रिजेक्ट झाली' असे लिहिले, तर अर्थ होतो : तक्रार घेतली, पाहिली, मग फेटाळली. म्हणजे त्याने न केलेले काम केले, असे आपणच लिहून दिले! शिवाय करणाराही वाक्यातून गायब.

मित्रांनो, पोलीस ठाण्यात तक्रार मराठीतच द्या, तो आपला अधिकार आहे. पण प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले की कामकाज इंग्रजीत चालते, आणि तिथे शब्दाला शब्दाची किंमत असते.

आणखी एक लक्षात ठेवा. तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर सहीपूर्वी ती वाचून दाखवणे, हेही कलम ४ नुसार अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. वाचून घ्या. कोणी, काय नाकारले ते तपासा. मगच सही करा.

जयभीम!