पोटातला वारा आणि पाकिटावरचे मौन

प्रतिजैविकांच्या चिठ्ठीवर हल्ली आणखी एक कॅप्सूल लिहिलेली असते. ‘पोटासाठी’ एवढेच तिचे वर्णन रुग्णाच्या कानी पडते. दोन दिवसांत पोट फुगते, गुडगुडते. एखाद्याला पातळ होते, तर एखाद्याचा कोठा बांधला जातो. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार अशा वेळी काय करील? औषध बाधले असे समजून तो सगळ्याच गोळ्या बाजूला ठेवतो आणि मूळ आजार तसाच राहतो.

या तक्रारी काल्पनिक नाहीत. पण बहुधा गंभीरही नाहीत. जिवंत जंतू मोठ्या संख्येने आतड्यात शिरले की तेथील आंबवण्याची क्रिया बदलते व वायू वाढतो. एक-दोन आठवड्यांत हे बहुतेकांच्या बाबतीत शमते. शिवाय पुष्कळ पाकिटांत जंतूंचे खाद्य म्हणून इन्युलिनसारखे तंतुमय पदार्थ घातलेले असतात, आणि पोटफुगीचा खरा धनी कित्येकदा हे खाद्यच असते. मात्रा कमी करून ती हळूहळू वाढविणे किंवा घटक पाहून पाकीट बदलणे, हा साधा उपाय आहे. तो रुग्णाला सांगायचा कोणी?

बाजाराने मात्र निराळेच उत्तर तयार ठेवले आहे : त्रास होतो म्हणजे गुण येतो आहे! बरे वाटले तर जंतूंचा गुण आणि वाईट वाटले तरी जंतूंचाच गुण. खोटे ठरण्याची सोयच नसलेला हा युक्तिवाद बुवाबाजीला शोभणारा आहे. ताप येणे, शौचातून रक्त जाणे, जुलाब न थांबणे ही गुणाची लक्षणे नव्हेत. तेथे डॉक्टरच गाठला पाहिजे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत व अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत हेच जंतू क्वचित रक्तात शिरतात. अर्भकांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली तसा इशाराही दिला.

केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. आपल्याकडे तर ही दरी नियमांतूनही डोकावते. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर नियमांनुसार ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते, आणि तेच पाकीट औषधाच्या चिठ्ठीवर लिहिले जाते! ज्ञात दुष्परिणाम छापण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. परंतु ‘लागू असेल तेथे’. लागू आहे की नाही हे प्रथम ठरविणार उत्पादकच. पाकिटावर इंग्रजी किंवा हिंदी असली की कायद्याचे समाधान होते. मराठी वाचणाऱ्याचे काय, हा प्रश्न कायद्याला पडत नाही.

जंतूंचा उपयोगच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळण्यास काही विशिष्ट वाण मदत करतात. तथापि मुलांच्या तीव्र जुलाबांवर अमेरिका व कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत (२०१८) लाभ दिसला नाही. अशा जुलाबांत जीव वाचवते ते मीठ-साखरेचे पाणी. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत ते सिद्ध करून दाखविले. त्या पाण्याला जाहिरातदार मिळत नाही. (घरच्या ताकाला ‘प्रोबायोटिक’ म्हणावे की नाही यावर शास्त्रज्ञ काथ्याकूट करतात, ताक पिणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही.)

तेव्हा मागणी मोठी नाही. पहिल्या आठवड्यात काय होऊ शकते, मात्रा कशी वाढवावी आणि कोणी हे घेऊ नये, या तीन गोष्टी प्रत्येक पाकिटावर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापल्या जाव्यात. वस्त्यांतील आरोग्य शिबिरांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. चिठ्ठीवरील प्रत्येक नावापुढे ‘हे कशासाठी?’ असे विचारण्याची सवय रुग्णांना आजपासूनही लावता येईल.