मुलांना वॉलरस कसा सांगावा

उत्तर ध्रुवाभोवतीच्या मुलखातील प्राण्यांविषयी मुलांसाठी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात वॉलरसच्या वाट्याला बहुधा एक चित्र आणि दोन वाक्ये येतात; चित्रात सुळे, वाक्यांत वजन. पूर्ण वाढलेला नर दीड हजार किलोंच्याही पुढे जातो आणि सुळे कधीकधी मीटरभर होतात, हे खरेच. परंतु त्यामुळे हा कोणी हिंस्र पशू असावा असा जो ग्रह बालमनात रुजतो, तो दूर करण्याची तसदी लेखकमंडळी घेत नाहीत, ही माझी तक्रार आहे. वॉलरसचा परिचय त्याच्या वरच्या ओठापासून करून द्यावा.

त्या ओठावर चारशेंहून अधिक राठ मिशा असतात. समुद्रतळाच्या काळोखात जेथे डोळ्यांचे फारसे चालत नाही, तेथे हा अवाढव्य जीव तोंड चिखलाला लावून मिशांनी चाचपडत जातो, शिंपल्याचा सुगावा लागताच तोंडातून पाण्याचा झोत सोडून गाळ उडवतो, शिंपला ओठांत घट्ट धरतो आणि जीभ झटक्याने मागे ओढून आतले मांस तेवढे शोषून घेतो. कवच तेथेच पडते. असे हजारो शिंपले फस्त झाले म्हणजे त्याचे पोट भरते. या भोजनात सुळ्यांचे काम जवळजवळ नाहीच. ते बर्फावर चढताना रोवण्यासाठी आणि आपसांतील मानपान ठरवण्यासाठी, आणि मानपानाचा हा सोस माद्यांनाही असल्यामुळे सुळे त्यांनाही असतात.

मात्र शिंपले उथळ समुद्रातच मिळतात, आणि बुड्या मारून थकलेल्या जिवाला विसाव्यासाठी जागा लागते. माद्यांना ती समुद्रावर तरंगणारे बर्फ देते. पिलाला त्यावर ठेवून आई खाली चरायला जाते, आणि बर्फ वाहत नव्या चराईवर पोहोचले की तीही आपोआप तेथे पोहोचते. अलास्का आणि सैबेरिया यांच्यामधील चुकची समुद्रात हल्ली उन्हाळ्याअखेर हे बर्फ उत्तरेच्या खोल पाण्यापर्यंत मागे हटते. मग निरुपायाने हजारोंचा जमाव किनारा गाठतो. 2014 साली पॉइंट ले या गावाजवळ सुमारे 35,000 वॉलरस एकत्र दिसले होते. अशा गर्दीला अस्वलाची चाहूल लागली किंवा डोक्यावरून विमान गेले की एकच पळापळ होते आणि तीत पिले चिरडून मरतात.

हे मुलांना सांगू नये, असे काही पालक म्हणतात. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून गेल्याची गोष्ट ज्यांना आपण घास भरवताना सांगतो, त्यांच्यापासून हे लपवण्यात काय हशील? बर्फ का हटले, असे मूल विचारीलच. तेव्हा कोळसा आणि खनिज तेल यांच्या धुराचे नाव न कचरता घ्यावे. जोडीला उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांची हकीकतही सांगावी. तेथे सुमारे साडेतीन शतके सुळे, चरबी आणि कातडे यांसाठी वॉलरसची बेसुमार कत्तल झाली, 1952 साली नॉर्वेच्या सरकारने शिकारीस मनाई केली, आणि नामशेष होत आलेले कळप हळूहळू पुन्हा वाढू लागले. बर्फ मागे हटण्याला असे एकाच सरकारचे फर्मान पुरणार नाही. पण पळापळ टाळण्याची तजवीज करता येते. पॉइंट लेच्या रहिवाशांनी बघ्यांना गावात न येण्याची विनंती केली आहे, आणि वैमानिकांना कळपापासून दूर व उंचावरून विमान नेण्याची सूचना आहे.