मर्यादेच्या अलीकडे : पालकांच्या टॅब्लेटवरील सहा ॲप्स

दुकान किंवा नोकरी, मुलांची शाळा, सायंकाळची पाठशाळा आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन, हे सारे एका दिवसात बसविणे हा आपल्या समाजातील आई-वडिलांपुढचा रोजचा प्रश्न आहे. पैठणहून सुमारे पन्नास किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला कामासाठी ये-जा करणाऱ्या पालकाला तर थंडीतील लहान दिवस फारच तोकडा पडतो. टॅब्लेट आता अनेक घरांत आला आहे. परंतु त्यावर कोणती ॲप्स असावीत आणि किती असावीत, याचा विचार क्वचितच होतो. या वेळी अशा सहा ॲप्सचा परिचय करून देत आहे. त्यांच्या वापराची कसोटी मात्र पैठणच्याच परंपरेतून घेतली आहे.

पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. श्वेतांबर परंपरेतील कालकाचार्यांची प्रसिद्ध कथा येथेच घडते. संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीस होती आणि नगरात त्याच दिवशी इंद्रमहोत्सव होता. पर्व एक दिवस पुढे, षष्ठीस घ्यावे, अशी राजाने विनंती केली. पंचमीची रात्र ओलांडता येणार नाही, मात्र त्याआधीचा दिवस घेता येईल, असे आचार्यांनी सांगितले आणि चतुर्थी ठरली. आज श्वेतांबर मूर्तिपूजक संघात चतुर्थीस संवत्सरी होते, स्थानकवासी संघात पंचमीस होते, तर दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून सुरू होते. कोणती तिथी योग्य, हा येथे विषय नाही. गृहस्थाने घ्यावे असे सूत्र एवढेच, की अडचणीसाठी वेळ सरकविता येते, पण ती मर्यादेच्या अलीकडे, पलीकडे नाही.

पहिले ॲप पंचांगाचे. सूर्योदय, सूर्यास्त, नवकारसी आणि तिथी दाखविणारी अनेक ॲप्स विनामूल्य मिळतात. त्यांत प्रथम स्थळ तपासावे. बऱ्याचदा तेथे मुंबई निवडलेली असते. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे लागतात आणि पैठण मुंबईच्या सुमारे अडीच अंश पूर्वेस आहे. म्हणजे येथे सूर्य सुमारे दहा मिनिटे आधी मावळतो. मुंबईची वेळ पाहून जेवायला बसलेल्या पैठणकराचा चौविहार अजाणता मोडू शकतो. सकाळी दहा मिनिटांच्या फरकाने काही बिघडत नाही, कारण नवकारसी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते आणि मुंबईची वेळ येथे उशिराचीच ठरते. सायंकाळी मात्र गजर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीचा लावावा.

दुसरे, गूगल कॅलेंडर. घरातील सर्वांना एकच सामायिक कॅलेंडर दिसेल अशी सोय त्यात आहे. येथील अतिशय क्षेत्रात भगवान मुनिसुव्रतनाथांच्या वालुकामय मूर्तीच्या दर्शनासाठी अमावास्येला यात्रेकरू येतात. शनी अमावास्येला तर गर्दी विशेष. त्या दिवशी पाहुणे येणार, हे ठरलेलेच. वर्षारंभी छापील पंचांग घेऊन बसावे आणि वर्षभराच्या अमावास्या, अष्टमी-चतुर्दशी, पर्युषण आणि शाळेच्या परीक्षा एकदाच नोंदवून ठेवाव्यात. सूचना दोन दिवस आधीची ठेवावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरले, तर मुलाची अभ्यासाची सोय कोठे करायची, हे तेवढ्या अवधीत ठरविता येते.

तिसरे, गूगल कीप. यात किराण्याची यादी पती-पत्नी दोघांनाही एकाच वेळी पाहता येते आणि घेतलेल्या वस्तूवर खूण करता येते. अष्टमी-चतुर्दशीची एक वेगळी कायमची यादी करून ठेवावी. हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या दिवशी कोणती कडधान्ये, कोणत्या डाळी लागतील, हा प्रश्न मग ऐन सायंकाळी उभा राहत नाही.

चौथे, गूगल लेन्स. वेष्टनावरील हिरवी खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. कांदा, लसूण किंवा बटाटा नसल्याची ग्वाही ती देत नाही. घटकांची यादी बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत असते. लेन्सने ती मोठी करून मराठीत वाचता येते. भाषांतर कधी चुकते, म्हणून शंका आल्यास मूळ शब्दही पाहावा. मुलांच्या हाती हे काम दिल्यास त्यांना निवडून खाण्याची सवय लागते.

पाचवे, दीक्षा. केंद्र शासनाने 2017 मध्ये सुरू केलेले हे शैक्षणिक ॲप आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्यावरून वाचला की त्या पाठाशी संबंधित साहित्य उघडते. ते आधी उतरवून ठेवल्यास नेटवर्क नसतानाही पाहता येते. त्याच्या जोडीला प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर ठेवावे. तेथे मराठी चित्रकथा विनामूल्य आहेत आणि त्या उतरवूनही घेता येतात. आजी-आजोबांनी नातवंडांसह रोज एक कथा वाचावी.

सहावे, आणि सर्वांत आवश्यक, गूगल फॅमिली लिंक. मुलाने दिवसातून किती वेळ टॅब्लेट वापरावा, कोणत्या वेळी तो आपोआप बंद व्हावा आणि कोणते ॲप घेण्यासाठी आई-वडिलांची संमती लागावी, हे त्यात ठरविता येते. आयपॅडवर हीच सोय ‘स्क्रीन टाइम’ या नावाने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक वेळ नको. त्याहून कमी तितके बरे. मात्र मर्यादा मुलाच्या हाती टॅब्लेट देण्यापूर्वी सांगावी. खेळ रंगात आल्यावर टॅब्लेट हिसकावून घेतला की रडारड होते आणि नियमाबद्दल रागच उरतो. आधी ठरलेला नियम मूल बहुधा मान्य करते.

या सहांपलीकडचे ॲप घेताना घरात चर्चा व्हावी. परिग्रह-परिमाणाचे व्रत धन, धान्य आणि वास्तू यांना लागू आहे, तसेच ते टॅब्लेटच्या पडद्यावरही लागू करता येईल. महिनाभर उघडले नाही असे ॲप काढून टाकावे. नवे हवे असेल तर एक जुने जावे.

यादी, गजर आणि कॅलेंडर यांमुळे रोज थोडा वेळ वाचतो. तो पुन्हा त्याच पडद्यापुढे गेला तर पदरी काहीच पडत नाही. वाचलेली मिनिटे एकत्र करून दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, साधता आली तर एक सामायिक होते. येत्या पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात प्रत्येक घराने एक छोटा नियम घेऊन पाहावा : सायंकाळच्या प्रतिक्रमणापासून दुसऱ्या दिवशीच्या नवकारसीपर्यंत टॅब्लेट कपाटात. उद्याचा गजर लावायचा असेल, तर तो प्रतिक्रमणाच्या आधीच लावून ठेवावा.

जय जिनेंद्र.