सोऱ्या, लाटणं आणि माझी मुदतठेव

यंत्रांशी माझं वैर नाही. आमच्या घरी मिक्सर आहे आणि तो मी स्वतः धुतोही. पण पुतणीनं साताऱ्यात मातीकामाचा स्टुडिओ काढायचं ठरवलं, टाइल्स करायच्या म्हणून तीन यंत्रांची माहितीपत्रकं माझ्यापुढे ठेवली आणि "काका, तुमची ती मुदतठेव याच महिन्यात सुटतेय ना?" असं गोड आवाजात विचारलं, तेव्हापासून मी विरोधी पक्षात आहे.

पहिलं यंत्र स्लॅब रोलर. रुळाखालून माती सरकते, पलीकडे पोळी निघते. दुसरं एक्स्ट्रूडर. हा चकलीचा सोऱ्याच, फक्त चकतीला लांबट चीर आणि दाबायला भला मोठा दांडा. तिसरा हातानं दाबायचा प्रेस म्हणजे पुरीयंत्राचा थोरला भाऊ. या तिघांची धाकटी भावंडं आमच्या फडताळात असताना ठेव कशाला मोडायची?

"माझ्या सोऱ्याला कुणी हात लावायचा नाही," आतून सौ. गरजली.

पुतणीचं म्हणणं, हातानं लाटलेली टाइल वाकते. वाकते, कबूल! पण यंत्रातली ताठ राहते असं कुणी सांगितलं? माती ही मोठी डूख धरणारी बाई आहे. एकाच दिशेनं लाटलीत, उचलताना जरा मुडपलीत, की तेव्हा गप्प बसेल आणि वाळताना नाहीतर भट्टीत सूड उगवेल. म्हणून पोळी फिरवून आडवी-उभी लाटावी लागते. ही अक्कल रुळात नसते, लाटणाऱ्याच्या हातात असते. शिवाय वाळून-भाजून माती साधारण दहा टक्के आकसते, दहा इंचांची टाइल नऊ इंचांवर येते. कडा आधी वाळतात, मधला भाग मागाहून, की टाइलची झाली बशी. यावर उपाय म्हणजे मातीत भाजलेल्या मातीचा चुरा घालणं, टाइल दोन फळ्यांमध्ये ठेवणं, मधूनमधून उलटणं आणि सावकाश वाळू देणं. सावकाशीत तर आमच्या या पेन्शनरांच्या गावाचा हात कोण धरील? इथे पावसाळ्यात टॉवेलसुद्धा चार दिवस घेतो.

"मग मंगलोरी कौल? 1865 साली बासेल मिशनच्या प्लेब्स्टनं मंगळुरात कारखाना काढला, तो काय लाटण्यावर?"

पोरगी वाचून आली होती. अहो, पण त्याला एकात एक बसणारी हजारो कौलं हवी होती, तिथे प्रेस हवाच. हिला महिन्याकाठी एखाद्या स्वयंपाकघराची भिंत! आणि त्याआधी आपल्याकडे छपरं नव्हती काय? कुंभार चाकावर नळकांडं काढायचा, उभं चिरायचा, दोन नळीची कौलं तयार. (त्यांची दर पावसाळ्याआधी शाकारणी करावी लागे आणि माकडं ती उधळत, हे मी मुद्दाम सांगितलं नाही.)

शेवटी सुताराकडून एक लाकडी चौकट करून घेतली, जाडी सारखी राहावी म्हणून दोन पट्ट्या, कापायला तार आणि आमचंच लाटणं. पहिल्या बारा टाइल्स सध्या आमच्या पाटांमध्ये वाळताहेत आणि आम्ही दोघं फरशीवर बसून जेवतो आहोत. ठेव शाबूत आहे. मात्र काल भट्टीचं माहितीपत्रक आलं. ते वाचल्यापासून मला तिन्ही यंत्रं फारच स्वस्त वाटू लागली आहेत.